ओक बेटावरील गुप्तधन : एका दंतकथेचा इतिहास



या स्मृतिव्याख्यानमालेचे यंदाचे पुष्प गुंफण्याचा मान मला दिल्याबद्दल मी चालकांचा ऋणी आहे. ज्या गुरुवर्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी या शाळेत अनेक वर्षे इतिहास शिकवला. इतिहासाच्या तासाला शोभेल असा विषय निवडावा असे मनात होते. मी निवडलेला विषय पाहून काहींना नवल वाटले असेल. ज्याचा जन्म बखरी, कैफियती आणि लोककथा वाचण्यात गेला, त्याने कॅनडातील एका लहानशा बेटावरच्या पुरलेल्या धनाविषयी का बोलावे?

त्याला दोन कारणे आहेत. पहिले असे, की दंतकथा जन्मते कशी, वाढते कशी आणि हळूहळू इतिहासाचा वेष कसा धारण करते, हे या प्रकरणात कागदोपत्री पाहता येते. आपल्याकडच्या पुष्कळ दंतकथांची मुळे काळाच्या उदरात गडप झाली आहेत. ही कथा मात्र वर्तमानपत्रांच्या काळात वाढली आणि तिचे टप्पे आज मोजता येतात. दुसरे कारण अधिक जवळचे आहे. हे धन ज्या चाच्याचे म्हणून प्रथम सांगितले गेले, तो चाचा आपल्या समुद्रात येऊन गेला होता आणि गोव्याहून निघालेल्या जहाजांशी त्याची झुंज झाली होती. त्याविषयी पुढे सांगेन.

गुप्तधनाची कल्पना आपल्याला नवी नाही. धर्मच्छळाच्या काळात घरदार सोडून नदीपार गेलेल्या कुटुंबांनी दागिन्यांचे हंडे परसात पुरून ठेवले, अशा गोष्टी मी लहानपणी गोव्यात कितीतरी ऐकल्या. हंड्यावर नाग वेटोळे घालून बसतो, पायाळू माणसाला जमिनीखालचे धन दिसते, डोळ्यांत अंजन घातले की जागा कळते, आणि धन हाती लागण्यापूर्वी बळी मागते, या समजुती कोकणापासून विदर्भापर्यंत सारख्याच आढळतात. यांतील शेवटची समजूत ध्यानात ठेवावी, अशी माझी विनंती आहे. अटलांटिक महासागरातील ज्या बेटाविषयी मी बोलणार आहे, तेथे हीच समजूत स्वतंत्रपणे उगवलेली आपल्याला दिसेल.

बेट आणि मूळ कथा

कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावर नोव्हा स्कोशिया नावाचा प्रांत आहे. त्याच्या दक्षिण किनाऱ्यावरील महोन उपसागरात शेकडो लहानमोठी बेटे विखुरलेली आहेत. ओक बेट हे त्यांपैकी एक. त्याचे क्षेत्रफळ सुमारे १४० एकर, मुख्य भूमीपासूनचे अंतर सुमारे २०० मीटर आणि सर्वांत उंच जागा समुद्रसपाटीपासून जेमतेम ३५ फूट. १७६२ साली सरकारी मोजणी होऊन या बेटाचे चार-चार एकरांचे ३२ तुकडे पाडण्यात आले. म्हणजे ज्या काळाची कथा आहे त्या काळी हे बेट निर्जन व अज्ञात नव्हते. त्याची मोजणी झाली होती आणि तेथे जमीनधारक होते.

कथा सांगितली जाते ती अशी. १७९५ साली डॅनियल मॅगिनिस नावाचा तरुण बेटावर हिंडत असता त्याला एका जुन्या ओक वृक्षाखाली जमीन वर्तुळाकार खचलेली दिसली. फांदीला जहाजावर वापरतात तशी एक कप्पी लटकत होती. जॉन स्मिथ आणि अँथनी वॉन या दोन मित्रांना घेऊन त्याने खणण्यास आरंभ केला. थोड्याच खोलीवर सपाट दगडांचा थर लागला. दहा फुटांवर ओकच्या ओंडक्यांचा तक्ता लागला, वीस फुटांवर दुसरा आणि तीस फुटांवर तिसरा. पुढे खणणे तिघांच्या आवाक्याबाहेरचे होते, म्हणून त्यांनी काम थांबवले.

सुमारे १८०४ च्या सुमारास ऑन्स्लो गावच्या काही मंडळींनी भांडवल जमवून काम पुन्हा हाती घेतले. दर दहा फुटांवर तक्ते, कोठे कोळसा, कोठे लांबीसारखा चिकट पदार्थ आणि कोठे नारळाचा काथ्या लागत गेला. नव्वद फुटांच्या सुमारास अनोळखी खुणा कोरलेला एक दगड मिळाला. त्या रात्री काम थांबले आणि दुसऱ्या दिवशी पाहतात तो खड्डा पाण्याने भरलेला. पृष्ठभागापासून सुमारे ३३ फुटांपर्यंत पाणी चढले होते. कितीही उपसले तरी ते उतरेना. शेजारी दुसरा खड्डा खणला, त्यातही पाणी शिरले. येथपर्यंतचा भाग हा या कथेचा पाया आहे. पुढची दोन शतके याच पायावर उभी राहिली.

कंपन्यांचा काळ

१८४९ साली ट्रूरो येथील कंपनीने या खड्ड्यात गिरमिटाने वेध घेतले. तळाशी लाकूड, मग धातूचे सुटे तुकडे, पुन्हा लाकूड, पुन्हा धातू असे थर लागल्याचे सांगण्यात आले. गिरमिटाबरोबर सोन्याच्या साखळीच्या तीन कड्या वर आल्या, असाही वृत्तांत आहे. कामावरच्या एका मुकादमाने गिरमिटाच्या टोकाला लागलेले काहीतरी गुपचूप खिशात घातले आणि नंतर ती जमीन विकत घेण्याचा प्रयत्न केला, अशीही कथा जोडली जाते. त्याने काय उचलले हे कोणीच पाहिले नाही. तरीही ही गोष्ट पुराव्याच्या यादीत कायमची जाऊन बसली.

पुढच्याच वर्षी स्मिथ्स कोव्ह या जवळच्या खाडीत वाळूखाली काथ्याचे आणि समुद्रगवताचे थर व दगडी नाल्या आढळल्या. त्यावरून असा सिद्धान्त निघाला, की धन पुरणाऱ्याने समुद्राचे पाणी बोगद्यातून खड्ड्यात सोडण्याची योजना करून ठेवली आहे. आपल्या खाजनांच्या बांधातील मानशीची रचना ठाऊक असलेल्या गोमंतकीय श्रोत्यांना ही कल्पना चटकन कळेल. फरक इतकाच, की मानशी पाणी आवरण्यासाठी असते, आणि ही योजना माणसाला बुडवण्यासाठी होती असे मानले गेले.

१८६१ साली तिसऱ्या मंडळीच्या हाताखाली खड्ड्याचा तळच खचला आणि त्यात जे काही होते ते आणखी खोल गेले, असे समजण्यात आले. त्याच वर्षी पाणी उपसणाऱ्या यंत्राचा बाष्पक फुटून एक कामगार मृत्यू पावला. हा या शोधातील पहिला बळी. १८९३ साली फ्रेडरिक ब्लेअर या गृहस्थाने नवी कंपनी काढली आणि पुढची जवळजवळ सहा दशके, म्हणजे आपले उरलेले सारे आयुष्य, या एका ध्यासात घालवली. १८९७ च्या मार्चमध्ये खड्ड्यात पडून दुसरा कामगार दगावला. त्याच वर्षी १५३ फुटांवर सिमेंटसारखा थर लागला आणि गिरमिटाबरोबर चर्मपत्राचा एक इवलासा तुकडा आला. त्यावर दोन अक्षरे होती, आणि ती कोणती यावरही एकमत झाले नाही. १८९८ साली खड्ड्यात लाल रंग ओतून पाहिला. तो दक्षिण किनाऱ्यावर तीन ठिकाणी बाहेर पडला. ज्या खाडीतून बोगदा येतो असे मानले जात होते, त्या खाडीत तो दिसला नाही. यावरून सिद्धान्त मोडायला हवा होता. पण निष्कर्ष निघाला तो असा, की बोगदे एक नसून अनेक आहेत.

किड, कारवार आणि गोवा

धन कोणाचे, या प्रश्नाचे सर्वांत जुने उत्तर म्हणजे कॅप्टन विल्यम किड. या माणसाचा इतिहास कागदपत्रांनी भक्कम आहे, आणि त्याचा एक अध्याय आपल्या किनाऱ्यावर घडला आहे.

किड हा स्कॉटिश दर्यावर्दी. हिंदी महासागरातील चाच्यांचा आणि फ्रेंच जहाजांचा बंदोबस्त करण्याचा इंग्लंडच्या राजाचा परवाना घेऊन तो १६९६ साली 'ॲडव्हेंचर गॅली' या जहाजातून निघाला. सप्टेंबर १६९७ मध्ये तो लाकूड-पाणी घेण्यासाठी कारवारला लागला. तेथे इंग्रजांची वखार होती. त्याचे काही खलाशी तेथे पळून गेले आणि किड चाचेगिरीच्या वाटेवर आहे, ही खबर वखारवाल्यांना मिळाली. लवकरच गोव्याहून निघालेल्या दोन पोर्तुगीज युद्धनौकांनी त्याला गाठले. दोहोंपैकी लहान नौकेशी त्याची झुंज झाली, त्याचे काही लोक जखमी झाले आणि तो निसटला.

३० जानेवारी १६९८ रोजी मलबार किनाऱ्याजवळ त्याने 'केदाह मर्चंट' हे जहाज पकडले. ते बंगालहून सुरतेस चालले होते. मालक आर्मेनियन व्यापारी, कप्तान इंग्रज, परवाना फ्रेंच. मालात रेशीम, मलमल, साखर, अफू, सोरा असे जिन्नस होते, आणि त्यातील काही भाग मोगल दरबारातील एका बड्या उमरावाचा होता. औरंगजेबाच्या दरबाराने याचा जाब सुरतेच्या इंग्रजांना विचारला. आपला व्यापार धोक्यात आलेला पाहून ईस्ट इंडिया कंपनीने किडविरुद्ध इंग्लंडात दबाव आणला. किड फासावर गेला त्यामागे सुरतेच्या व्यापाराचे हे राजकारण होते.

१६९९ च्या उन्हाळ्यात तो अमेरिकेत परतला. न्यूयॉर्कजवळच्या गार्डिनर्स बेटावर त्याने काही धन खरोखरच पुरले. परंतु गव्हर्नरने ते थोड्याच दिवसांत उकरून काढले, त्याची यादी केली आणि ते पुरावा म्हणून इंग्लंडला पाठवले. किडला लंडनमध्ये २३ मे १७०१ रोजी फाशी झाले. पहिल्या खेपेस दोर तुटला, म्हणून त्याला दुसऱ्यांदा लटकावण्यात आले. त्याच्या पुरलेल्या धनाचा कागदोपत्री ठावठिकाणा एवढाच आहे. त्या उन्हाळ्यात अमेरिकेच्या किनाऱ्याला लागल्यापासून बोस्टनमध्ये अटक होईपर्यंत त्याला जेमतेम काही आठवडे मिळाले. एका लहान गलबतावरच्या मूठभर लोकांनी तेवढ्या काळात उत्तरेला जाऊन शंभर फूट खोल विवर आणि समुद्रापर्यंत बोगदे खणले, हे कसे मानावे?

तरीही किडचे नाव टिकले. एखाद्या चाच्याने धन पुरल्याचे सरकारी दप्तरात नमूद असलेली अशी उदाहरणे दुर्मिळ आहेत. या एका खऱ्या घटनेमुळे सगळ्या किनाऱ्यावर त्याच्या न सापडलेल्या धनाच्या कथा पिकल्या. एडगर ॲलन पो याची किडच्या धनावरील 'द गोल्ड-बग' ही कथा १८४३ साली आली. सांकेतिक लिपी उलगडून पुरलेले धन मिळवण्याची ही कथा फार लोकप्रिय झाली. स्टीव्हन्सनची 'ट्रेझर आयलंड' ही कादंबरी १८८३ साली पुस्तकरूपाने आली. ही वर्षे लक्षात ठेवावीत, कारण पुढच्या विवेचनात त्यांचा उपयोग आहे.

साधनांची चिकित्सा

आता मी माझ्या मूळ विषयाकडे येतो. मराठी इतिहासाच्या अभ्यासकाला बखरीचे गुण आणि दोष दोन्ही ठाऊक असतात. सभासदाची बखर शिवछत्रपतींच्या निधनानंतर सुमारे सतरा वर्षांनी लिहिली गेली, आणि लिहिणारा त्यांच्या दरबारातला होता. मल्हार रामराव चिटणिसांची बखर एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीची. दोहोंना आपण एकाच तागडीत तोलत नाही. घटना आणि लेखन यांत किती अंतर पडले, लिहिणाऱ्याला ते कळले कोठून आणि त्यात त्याचा काही हेतू होता काय, हे प्रश्न आपण प्रथम विचारतो. इतिहासाचार्य राजवाडे यांनी १८९८ पासून मूळ साधनांचे खंड प्रसिद्ध करण्याचा जो उद्योग केला, त्यामागे हीच दृष्टी होती.

हाच निकष ओक बेटाला लावून पाहू. मूळ शोध १७९५ चा. त्या वर्षी जॉन स्मिथने बेटावर जमीन विकत घेतल्याचा दस्त उपलब्ध आहे. मॅगिनिस आणि वॉन या कुटुंबांचे वास्तव्यही नोंदींवरून सिद्ध होते. म्हणजे माणसे खरी आहेत. परंतु खड्डा, तक्ते, कप्पी, दगड यांविषयी त्या काळातला एकही कागद नाही. बेटावर खोदकाम चालू असल्याचा छापील उल्लेख १८५७ च्या सुमारास मिळतो आणि सविस्तर वृत्तांत वर्तमानपत्रांत येतात ते १८६० नंतरच्या चार-पाच वर्षांत. न्यायाधीश डेसब्रिसे यांनी १८७० साली आपल्या लुनेनबर्ग परगण्याच्या इतिहासग्रंथात तो वृत्तांत घातला आणि त्याला ग्रंथाची प्रतिष्ठा मिळाली. घटना आणि तिचा पहिला वृत्तांत यांत साठ वर्षांहून अधिक अंतर आहे. तेवढ्या काळात मूळ मंडळी बहुतेक काळाच्या पडद्याआड गेली होती.

वृत्तांत लिहिणाऱ्यांत स्वतः खोदकामाच्या कंपन्यांशी संबंधित असलेली माणसे प्रमुख होती. भांडवल गोळा करायचे तर पूर्वी काय काय सापडले हे सांगावे लागते. त्यांनी खोटे सांगितले असे मी म्हणत नाही. कदाचित त्यांचा मनापासून विश्वास असेल. परंतु इतिहासाच्या न्यायालयात हितसंबंधी साक्षीदाराची साक्ष दुसऱ्या पुराव्याने बळकट व्हावी लागते, आणि येथे दुसरा पुरावा नाही. निरनिराळ्या वृत्तांतांत वर्षे बदलतात, दगडांचा थर कोठे दोन फुटांवर तर कोठे चार फुटांवर असतो, आणि कथा जसजशी नव्याने सांगितली जाते तसतसे तिचे तपशील वाढतात.

कोरीव दगडाची गोष्ट या दृष्टीने बोधप्रद आहे. तो स्मिथच्या घराच्या चुलीच्या भिंतीत बसवला होता, पुढे हॅलिफॅक्स शहरात एका पुस्तकबांधणीच्या दुकानात ठेवला होता, आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत तो नाहीसा झाला, असे सांगतात. जुन्या वृत्तांतांत त्यावरील खुणा कोणालाच वाचता आल्या नाहीत, एवढेच आहे. त्या खुणांची जी आकृती आज सर्वत्र छापली जाते, ती प्रसिद्ध झाली १९४९ च्या सुमारास, म्हणजे दगड नाहीसा झाल्यावर तीसएक वर्षांनी. तिचा उलगडा असा करतात, की चाळीस फूट खाली वीस लक्ष पौंड पुरले आहेत. लिपी अगदी साधी आहे. एका इंग्रजी अक्षराच्या जागी एक चिन्ह, एवढेच तिचे तंत्र. पोच्या कथेतील सांकेतिक लिपीही याच जातीची. इतका खटाटोप करून धन लपवणारा माणूस ते कोठे आणि किती आहे, हे शाळकरी मुलाला सोडवता येईल अशा लिपीत कोरून का ठेवील? मूळ पोथी हरवली आणि नंतर एखाद्याने तिची 'नक्कल' पुढे आणली, तर आपण ती नक्कल प्रमाण मानत नाही. दगडाच्या बाबतीतही तोच न्याय लावला पाहिजे.

पाणी आणि काथ्या

साक्षी बाजूला ठेवून आता जमीन काय सांगते ते पाहू. खड्ड्याची जागा समुद्रसपाटीपासून साधारण बत्तीस-तेहतीस फूट उंच आहे. नव्वद फूट खणणारा माणूस म्हणजे समुद्राच्या पातळीखाली साठ फुटांच्या जवळपास उतरलेला माणूस. पाणी चढले ते पृष्ठभागापासून सुमारे ३३ फुटांपर्यंत, म्हणजे बरोबर समुद्राच्या पातळीपर्यंत. खाडीकाठी विहीर खणून पाहिलेल्या कोणाही माणसाला याचे नवल वाटणार नाही. बेटाच्या या भागात हिमनद्यांनी आणून टाकलेल्या मातीगोट्यांच्या थराखाली चुनखडी आणि जिप्सम जातीचा खडक आहे. तो पाण्यात विरघळतो, त्यात पोकळ्या पडतात आणि वरची जमीन अचानक खचते. १८७८ साली याच खड्ड्यापासून जवळ नांगरट चालू असताना बैल एका विवरात कोसळला होता. गोलाकार खचलेली जमीन, आत वाहून आलेले लाकूड, आणि उपसले तरी न हटणारे पाणी, या सर्वांचा उलगडा निसर्गक्रमाने होऊ शकतो. १९९५ साली वुड्स होल या नामवंत सागरविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी पाहणी केली, तेव्हाही पाणी नैसर्गिक मार्गांनी येत असण्याची शक्यता अधिक दिसली.

मात्र खाडीतल्या नाल्या आणि काथ्या या गोष्टी सहज झटकून टाकता येत नाहीत. तेथे माणसाच्या हातचे काम होते, हे बहुतेक अभ्यासक मान्य करतात. कोणी ते मीठ तयार करण्याचे काम मानतात, तर कोणी डांबराच्या भट्टीशी त्याचा संबंध जोडतात. सोडणाच्या काथ्याचा प्रश्न तर आपल्या विशेष परिचयाचा आहे. नोव्हा स्कोशियात माड होत नाही. जहाजात माल घट्ट बसावा म्हणून त्याभोवती काथ्या भरण्याची पद्धत होती, आणि त्यामुळे तो दूरदूर जात असे, हे खरे. परंतु कार्बन पद्धतीने काढलेले या काथ्याचे वय तेराव्या-चौदाव्या शतकाच्या आसपास येते. अटलांटिकच्या दोन्ही काठांवर आज जे माड दिसतात, ते वास्को द गामाच्या सफरीनंतर पोर्तुगिजांच्या जहाजांतून हिंदी महासागराकडून तिकडे गेले, असे इतिहास सांगतो. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या माडांच्या आनुवंशिक अभ्यासानेही अटलांटिकमधील माडांचे कूळ हिंदी महासागरातील माडांशी जुळवले. मग कोलंबसापूर्वीचा काथ्या तेथे कसा? वयनिश्चितीत दोष असेल, अथवा काथ्या जुना असून फार नंतर तेथे पोहोचला असेल. काथ्याचे वय म्हणजे तो पुरल्याचे वर्ष नव्हे, हेही विसरून चालणार नाही. या प्रश्नाचा समाधानकारक उलगडा अद्याप झालेला नाही. तो तसा उघडा ठेवणे हे इतिहासाचे काम. धनशोधकांनी मात्र त्या फटीतून धर्मयुद्धांतील सरदारांचा सारा खजिना बेटावर आणला आहे.

विसावे शतक

१९०९ साली हेन्री बाउडन या अभियंत्याच्या कंपनीत एका तरुणाने भाग घेतला होता. त्याचे नाव फ्रँकलिन रूझवेल्ट. पुढे अमेरिकेचे अध्यक्षपद भूषवतानाही त्यांचे या बेटाविषयीचे कुतूहल ओसरले नाही. बाउडनने मात्र १९११ साली एका साप्ताहिकात लेख लिहून तेथे धन नाही असे जाहीर केले. सव्वादोनशे वर्षांच्या या इतिहासात इतक्या स्पष्टपणे माघार घेणारी माणसे फार थोडी.

१९३५ साली गिल्बर्ट हेडन या उद्योजकाने जमीन विकत घेऊन विजेचे पंप बसवले. त्याच सुमारास हॅरल्ड विल्किन्स नावाच्या इंग्रज लेखकाचे किडच्या धनाविषयीचे पुस्तक निघाले होते आणि त्यात एका बेटाचा नकाशा होता. हेडनला त्यात ओक बेट दिसले. नकाशावरील मोजमापांप्रमाणे शोधता भोके पाडलेले दोन खडक आणि दगडांचा त्रिकोणही सापडला. १९३७ साली तो लेखकाला भेटण्यासाठी इंग्लंडला गेला. तेथे कळले ते असे, की नकाशा लेखकाच्या कल्पनेतून उतरलेला आहे आणि ओक बेटाचे नाव त्याने ऐकलेलेही नव्हते. एवढ्यावर प्रकरण मिटावे, पण तसे झाले नाही. उलट विल्किन्सलाच वाटू लागले, की आपल्या हातून कोणत्या तरी गूढ शक्तीने खरा नकाशा काढवून घेतला!

१९५९ साली रॉबर्ट रेस्टॉल हा गृहस्थ पत्नी व मुलांसह बेटावर राहावयास आला. जत्रेत लोखंडी जाळीच्या गोलात मोटारसायकल फिरवण्याचे खेळ करून त्याने आयुष्य काढले होते. साठवलेली सारी पुंजी त्याने या कामात घातली. वीज नाही, नळ नाही, अशा झोपड्यांत कुटुंबाने सहा हिवाळे काढले. १७ ऑगस्ट १९६५ रोजी रेस्टॉल एका खड्ड्यात डोकावला आणि विषारी वायूने भोवळ येऊन आत पडला. त्याला काढण्यासाठी थोरला मुलगा उतरला, तोही पडला. मागोमाग धावलेले दोन सहकारीही परतले नाहीत. एकाच दुपारी चार माणसे गेली आणि बळींची संख्या सहा झाली.

सात बळी पडल्याखेरीज धन हाती लागणार नाही, ही या बेटाविषयीची समजूत आज सर्वांना माहीत आहे. दूरचित्रवाणीवरील मालिकेचे नावच बेटाच्या शापावरून ठेवलेले आहे. सहा माणसांच्या मृत्यूचा त्यामुळे हिशेब लागतो, जणू एवढाच हप्ता भरणे बाकी आहे! मरणे निष्काळजीपणाने घडली, जुन्या यंत्रांनी घडली, वायूविषयीच्या अज्ञानाने घडली. त्यांना बळी म्हटले की जबाबदारी कोणाचीच राहत नाही. आपल्याकडे गुप्तधनाच्या नावाखाली नरबळीचे प्रकार घडले आहेत, आणि महाराष्ट्रात २०१३ साली कायदा करताना गुप्तधनाच्या शोधासाठी केली जाणारी अमानुष कृत्ये त्यात नाव घेऊन समाविष्ट करावी लागली. म्हणून शापाच्या असल्या गोष्टी ऐकून नुसते हसून सोडणे मला प्रशस्त वाटत नाही.

रेस्टॉलच्या मृत्यूनंतर लगेच रॉबर्ट डनफील्ड या भूशास्त्रज्ञाने मुख्य भूमीपासून बेटापर्यंत भराव घालून रस्ता केला, सत्तर टनी यंत्र आणले आणि मूळ जागी शंभर फूट रुंद व १३० फुटांहून खोल खड्डा पाडला. १९७१ साली डॅन ब्लँकनशिप याच्या मंडळीने दुसऱ्या ठिकाणी सुमारे २३५ फूट खोल विवरात कॅमेरा सोडला. कोणाला त्या गढूळ चित्रांत पेट्या दिसल्या, कोणाला मानवी हात. १९७६ साली त्याच विवरात असताना भोवतालची पोलादी नळी चेपली आणि ब्लँकनशिप थोडक्यात बचावला. तरीही तो बेटावरच राहिला आणि २०१९ साली पंचाण्णव वर्षांचा होऊन वारला. मिशिगन प्रांतातील लगीना बंधूंनी २००६ साली या उद्योगात भाग घेतला. थोरल्या भावाने लहानपणी 'रीडर्स डायजेस्ट'च्या जानेवारी १९६५ च्या अंकातील लेख वाचला होता. २०१४ पासून त्यांच्या शोधावरची मालिका सुरू झाली आणि बेट जगभर पोहोचले. धन मिळाले असेल तर ते या मालिकेतून, असे म्हणावयास हरकत नाही.

समारोप

या साऱ्यातून काय हाती लागले? १६५२ चे एक स्पॅनिश तांब्याचे नाणे, शिशाचा एक क्रूस, लाकडाचे व काथ्याचे तुकडे, आणि असेच काही. परंतु काय गमावले याचा हिशेब कोणी फारसा मांडत नाही. मूळ खड्डा नेमका कोठे होता हे आज कोणालाच खात्रीने सांगता येत नाही. शेजारीशेजारी इतके खड्डे पडले आणि इतकी माती उलटीपालटी झाली, की १७९५ साली तेथे काही होते किंवा नव्हते, हे सिद्ध करण्याचे साधनच नष्ट झाले. पुरातत्त्वज्ञ एकेक थर नोंदून खणतो. धनलोभी माणसाला थरांशी कर्तव्य नसते, कारण त्याचे उत्तर आधीच ठरलेले असते. आपल्याकडे किल्ल्यांवर आणि जुन्या देवळांच्या आवारात धनाच्या आशेने उखडलेल्या चौथऱ्यांतून व फोडलेल्या मूर्तींतून हेच नुकसान झाले आहे.

नोव्हा स्कोशिया सरकारने २०११ पासून या बेटासाठी स्वतंत्र कायदा लागू केला आणि परवान्याखेरीज शोध घेण्यास बंदी केली. आपल्याकडे १८७८ चा निखातनिधी कायदा आहे. दहा रुपयांपेक्षा अधिक मोलाचे धन सापडले तर ते कलेक्टरला कळवणे त्याने बंधनकारक केले. कायद्याला धनाची मालकी ठरवता येते. इतिहासाचे रक्षण कायद्याबरोबर समाजाच्या समजुतीवर अवलंबून असते.

शेवटी एका माणसाचा उल्लेख करतो. सॅम्युएल बॉल हा दक्षिण कॅरोलिनात गुलाम म्हणून जन्मलेला कृष्णवर्णीय. अमेरिकन क्रांतियुद्धात इंग्रजांची बाजू घेऊन तो स्वतंत्र झाला, नोव्हा स्कोशियात आला आणि ओक बेटावर तुकड्या-तुकड्याने जमीन घेत शेती करू लागला. त्याने भाजीपाला पिकवला, संसार उभा केला आणि मृत्यूसमयी तो खाऊनपिऊन सुखी असा जमीनदार होता. त्याच्याविषयी दस्त आहेत, मृत्युपत्र आहे, घराचे अवशेष आहेत. गुलामगिरीतून आलेला माणूस स्वतःच्या श्रमाने जमिनीचा धनी होतो, ही त्या बेटावरची खरी आणि पुराव्याने सिद्ध झालेली घटना. परंतु धनशोधकांच्या पुस्तकांत बॉल येतो तो एकाच प्रश्नापुरता : इतका पैसा त्याच्याकडे आला कोठून, त्याला तर खजिना सापडला नसेल ना? एका माणसाच्या तीस-चाळीस वर्षांच्या घामावर या प्रश्नाने सहज पाणी पडते.

माजी विद्यार्थ्यांना, आणि विशेषतः जे आज इतिहास शिकवीत आहेत त्यांना, माझे एवढेच सांगणे आहे. आपल्या गावांच्या दप्तरांत, देवस्थानांच्या जमाखर्चांत, कोमुनिदादीच्या नोंदींत अशा बॉलसारख्या असंख्य माणसांची आयुष्ये अजून वाचली जायची आहेत. ती वाचण्यासाठी पंप लागत नाहीत आणि कोणाचा जीव जात नाही. मोडी आणि जुनी पोर्तुगीज लिपी शिकण्याचे कष्ट मात्र लागतात. ते कष्ट करणारे दोन-चार विद्यार्थी जरी या शाळेतून निघाले, तरी ही व्याख्यानमाला चालवणाऱ्यांच्या श्रमाचे चीज होईल.